सत्तेचाळीस नंबर

शनिवारी सव्वाअकराला ताल्लिनची बस येते.
मुलं उतरतात, वासाने नाक धरतात,
आणि दहा मिनिटांत त्याच हातांनी
बोकडाची शिंगं.
तिकीट तीन युरो. त्यात कागदी पुडीभर गाजर.
राजहंसाला देऊ नका, मी बजावते.
राजहंसालाच देतात.
नावाला राजहंस; वागणं जकातनाक्यावरच्या शिपायाचं.

बाबा गोठ्याच्या दारात, टोपी भुवयांपर्यंत ओढून,
जणू त्यांनाही आम्ही भाड्याने आणलंय.
सामूहिक शेतावर त्यांनी तीस वर्षं गाई मोजल्या.
दोनशे बारा.
सकाळी मोजायच्या, दिवे लागले की मोजायच्या,
दूध लिटरांत, मरण शेवटच्या रकान्यात.
गाय कुरवाळायची असते
हे त्यांना सत्तरीनंतर समजलं.
त्याचे पैसे मिळतात हे समजलं
त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पहिल्याच उन्हाळ्यात एका पोरीने विचारलं,
"हिचं नाव काय?"
बाबांनी वाकून कानातला बिल्ला वाचला:
"शेवटचे आकडे सत्तेचाळीस."
पोर हसत सुटली.
त्या रात्री मी पाटी रंगवली.
गाढवाला नाव, मेंढ्यांना नावं,
त्या आंधळ्या सशालासुद्धा.
बाबांनी माझ्या सगळ्या नावांना नावं ठेवली
आणि झोपायला गेले.

मग ऑगस्टात ती दुसरी बस आली, म्हाताऱ्यांची.
तीतून काठी टेकत लाइडा उतरली,
जुन्या दूधघरातली.
गाजर घेतलं नाही. सरळ गाईपाशी गेली,
कानामागे दोन बोटं घातली
आणि गाईने मान सैल सोडली,
जशी माझ्यासमोर कधीच सोडत नाही.
"सत्तेचाळीसच्या वंशातली ना?"
"पाचवी पिढी," बाबा म्हणाले.
"सत्तेचाळीस नव्हे रे, हेल्दूर. सिरेल.
कुंपणाजवळचा लायलॅक फुलला होता ना, त्या आठवड्यातली."

आणि मग ती मोजू लागली, बाबा मोजायचे तशीच,
पण नावांनी.
आठ, मुस्तिक. एकोणीस, पूनिक.
साठ, ती लाथाडी, तिला आम्ही डायरेक्टर म्हणायचो.
"तुझ्या वहीला पत्ता लागू दिला नाही.
नावाची गाय गाडीत चढवताना हात कापतात.
आणि कापणाऱ्या हातांचा
तू पगार कापायचास."
बाबा काही बोलले नाहीत.
बसने दोनदा भोंगा वाजवला.

हिवाळ्यात कोणी येत नाही.
गुडघाभर बर्फ, तिकिटाच्या खिडकीला फळी.
तरी शनिवारी अकराच्या सुमारास
गाढव, बोकड, मेंढ्या कुंपणाशी येऊन उभ्या राहतात,
रस्त्याकडे बघत.
आत बाबा जुनी वही उघडून बसतात,
फोनवर लाइडा, कानामागे पेन्सिल.
तीस. एकतीस. "जरा हळू सांग."
आकड्याशेजारी बारीक अक्षर,
जसं कोणी उशिराने
जागा मिळेल तिथे बसावं.

एकशे तीनपाशी गाडी अडली.
"ती शरदात आली, शरदातच गेली,"
लाइडा म्हणाली, "नाव ठेवायला सवड झाली नाही."
बाबांनी फोन ठेवला.
पेन्सिलीला टोक काढलं, टोक होतं तरीही.
नंतर अंगात कोट घालून बाहेर गेले.
खिडकीतून दिसलं: कुंपणाच्या या बाजूला,
पाहुण्यांच्या बाजूला,
कागदी पुडी घेऊन उभे.
राजहंसाला देत होते.

मे महिन्यात पाटीवर सर्वांत खाली
नुसता आकडा लिहिलेला मला दिसला.
माझं अक्षर नव्हतं.
"ही एकशे तीन कुठाय?" बसमधल्या मुलांनी गलका केला.
"नाहीये," बाबा म्हणाले. "तुम्हीच सांगा तिचं नाव."
मुलांनी खूप भांडाभांड केली.
एक शेंबडा, टोपी बोकडाने खाल्लेला,
सगळ्यांच्या वर ओरडला: "पॅनकेक!"

मला हसू आवरेना.
बाबांना नाही आलं.
ते आत गेले, वही उघडली,
आणि एकशे तीनपुढे, पेनने,
पॅनकेक.