ढगात ठेवलेलं

उद्यमनगरात, फौंड्रीच्या मागच्या गाळ्यात
माझं टेबल आहे. वर पाटी:
कन्सोल, कंट्रोलर, रिमोट दुरुस्त करून मिळेल.
खाली कुणीतरी खडूनं लिहिलंय: वाद फुकट.

वाद म्हणजे इर्शाद शिकलगार आणि मगदूम काका.
शनिवारी अकराला येतात.
पेठापेठांतल्या फुटबॉलवरनं जशी माणसं
घसा बसेस्तोवर भांडतात
आणि मग एकाच गाडीवरचा चहा पितात,
तसे.

इर्शाद म्हणतो, काका, डिस्क म्हंजे नुस्तं ओझं.
आता सगळं वरनं येतंय.
महिन्याला पैसे भरा, तीनशे गेम दारात हजर.
काका म्हणतात, भाड्याच्या सायकलवर शिकलो मी,
तासाला आठ आणे.
पण तिला कधी माझी म्हटली न्हाई.

नव्या मशीनमधी गवताचं पातं अन् पातं दिसतंय, काका.
मला बॉल दिसला म्हंजे बास.

मी सोल्डरिंगचं टोक ओल्या स्पंजवर पुसते.
चर्रर्र होतं. दोघं क्षणभर थांबतात,
पुन्हा सुरू.

मग पुराचा विषय निघतो. तो निघतोच.
त्या साली काकांच्या घरात, कुंभार गल्लीत,
पाणी दुसऱ्या फळीपर्यंत होतं.
पहिल्या फळीवर टीव्ही गेम, सव्वीस कॅसेट,
आणि लेकीच्या बारशाचे फोटो.
इर्शादचंही मशीन गेलं. पण त्यानं नवं घेतलं,
पासवर्ड टाकला,
आणि त्याची टीम जिथं सोडली होती तिथनं,
त्रेसष्टाव्या मिनिटापासनं,
कोरड्या अंगानं पळायला लागली.
बघा, तो म्हणाला, माझं सगळं क्लाउडमधी हुतं.
काका बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, आरं, आमच्याकडं बी
ढगातनंच आलं की सगळं.

पंचवीस कॅसेट मीच भंगारात घातल्या. किलोवर.
काकांनी वजनाकडं पाहिलं नाही.

औंदा मार्चमध्ये इर्शादच्या गेमचा सर्व्हर बंद झाला.
इंग्रजीत चार ओळींचा मेल. शेवटी धन्यवाद.
टीम गेली, कप गेले,
बहिणीचं नाव दिलेला गोलकीपर गेला.
पैसे भरल्याची पावती तेवढी राहिली.

त्या शनिवारी काका आले
ते जिंकल्यासारखे आले नाहीत.
वर्तमानपत्रात गुंडाळलेली पिवळी कॅसेट
टेबलावर ठेवली. सव्वीसातली वाचलेली.
मी पिना स्पिरिटनं पुसल्या,
टेबलाखालचं माझं जुनं मशीन काढलं.
काकांनी सवयीनं कॅसेटवर फुंकर मारली.
(फुंकरीनं काही होत नाही, उलट गंज चढतो,
अकरा वर्षं सांगतेय.)
चालली.

चौकोनी डोक्यांच्या खेळाडूंनी
इर्शादला चार गोल घातले.
म्हणाला, ह्याची बटणंच उलटी हायत.
काका म्हणाले, व्हय, आणि अंगण वाकडं.

मला विचाराल तर,
म्हणजे कुणी विचारत नाही,
माझं पोट बिघडण्यावर आहे.
वायर तुटली, पट्टा झिजला, लेन्सवर धूळ बसली
की मला काम.
पण जे बिघडतच नाही,
नुसतं एके दिवशी नसतं,
ते उघडायचं कुठून? त्याला स्क्रू कुठं असतो?
तरी माझ्या पोरीचे सगळे फोटो
मी वरच ठेवलेत. फळीवर नाही.

पुरातलं ते मशीन काकांनी टाकू दिलेलं नाही.
आज दुपारी दिवे गेले, गिऱ्हाईक नव्हतं,
शटरच्या उजेडात झाकण काढलं.
सर्किटच्या कडेकडेनं अजून
नदीचा गाळ, सुकलेला,
नाचणीच्या पिठासारखा बारीक.

फुंकर मारणार होते.
मग ब्रश घेतला.