हर्णै प्रत

इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी
अर्धी बाटली बॅटरीला, अर्धी तबकड्यांना.
भांड्यांच्या साबणाचा एकच थेंब, मलमलीचा तुकडा,
आणि खाचेच्या दिशेने, गोल, सावकाश,
ऑगस्टभर साचलेली बुरशी.
मग ताटाळ्यात उभ्या करतो सुकायला,
दहा काळ्या तबकड्या.
ताटं तोवर जमिनीवर.
रेवती काही बोलत नाही,
नुसती आमटीची वाटी जरा जोरात ठेवते.

अकरावी मी धूत नाही.

नऊ त्यातल्या अब्बास सारंगांच्या.
बोटीवरून उतरताना बाकीचे घड्याळं आणायचे, अत्तर, ट्रान्झिस्टर.
हे योकोहामाहून सॅक्सोफोन आणायचे,
डाव्या कडेला कागदी पट्टी,
पट्टीवर आम्हाला न वाचता येणारी अक्षरं.
पट्टी फाडायची नाही, हा नियम.
मरेपर्यंत पाळला.
मुलगे कुवेतला; आंब्याची पेटी भरून सगळं मला दिलं,
कारण बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला
मी एकट्याने विचारलं होतं,
चाचा, हे संपलं ते कळतं कसं?

'चोगल्या, मोजू नको. भरती मोजतो का कोण?
हा ढोलवाला बघ, मुद्दाम मागे राहतो.
हा बासवाला त्याच्यासाठी थांबतो.
चौघांची चार वल्ही,
तरी होडी गोल फिरत नाही.'
मागे कॉम्प्रेसरचा पट्टा थडथडत असायचा.
हळूहळू तोही मला
त्यांच्यातलाच वाटायला लागला.

त्या अकरावीत, दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या गतीत
एक उडी आहे.
पाकिटात वाळूचा कण गेला होता,
इथलाच, लिलाव संपल्यावर
पायांना चिकटून घरात येतो तो.
सॅक्सोफोन चढत चढत जायचा
आणि टक्,
एकदम उतारावर.
मधला जिना हर्णैत कुणी पाहिलाच नाही.
'न्यूयॉर्कात चौघं होते,' चाचा म्हणायचे,
'पाचवा इथं येऊन बसला.'

या महिन्यात तिची नवी आवृत्ती आली.
दापोलीच्या कुरिअरवाल्याने खोकं हलवून विचारलं,
लादी आहे का?
मूळ फितींवरून पुन्हा कोरलेली, जाड, एकशे ऐंशी ग्रॅम.
किंमत घरात निम्मी सांगितली.
सोबत पुस्तिका: कोण कुठे उभं होतं,
खोलीत किती गरम होत होतं.
शेवटी नापास ठरलेला एक प्रयत्नही जोडलाय.
त्यात पियानोवाला चुकतो
आणि चुकीवरच थोडा वेळ बसून राहतो,
धक्क्यावर बसावं तसा.
तो मी तीनदा ऐकला.

मग दार लावलं. दुसरी बाजू. तिसरी गत.
चढण आली.
माझा श्वास नेहमीच्या जागी टक् म्हणाला,
उतरायला लागला,
आणि खाली मी एकटाच.
ते अजून वर होते.

चार सेकंद, फार तर पाच.
काय होतं तिथे?
चाळीस वर्षांनी सांगतो, फार काही नाही.
सॅक्सोफोन थांबतो.
ढोलावर ब्रश फिरतो, ओलं जाळं ओढल्यासारखा,
आणि कुणीतरी, माइकपासून लांब,
'हं' म्हणतं.

एवढंच. हं.
चाचांना सांगायला हवं होतं.
म्हणाले असते बहुतेक,
मग आपला कण काय वाईट होता?

नवी चांगली आहे. खरंच चांगली.
बासची तार कुठल्या बोटाने सोडली तेही कळतं.
पाकिटात सरकवण्याआधी आत फुंकर मारतो,
दोनदा.
इथे वाळू कुठूनही येते.
खिडकी ओढून घेतो,
मग बोटभर
उघडी ठेवतो.