व्हाउचर नंबर एकोणचाळीस

दुसरा शनिवार, साडेचार.
वडगावात, यंत्रमागांच्या वरच्या माळ्यावर
आम्ही सात विश्वस्त, पाच खुर्च्या, एक बाक.
खाली सहा माग चालू,
त्यामुळे ठराव ओरडून वाचावे लागतात.
दुःखाबद्दलसुद्धा आम्ही ओरडूनच बोलतो.

मी चिटणीस.
कोण काय म्हणालं ते लिहायचं नसतं,
काय ठरलं तेवढंच.

विषय पहिला: मागचं इतिवृत्त वाचून कायम.

विषय दुसरा: पाटी.
रंगारी विचारतोय, वर कन्नड, खाली मराठी,
पण 'सोबत'ला कन्नडात काय लिहू?
'जोते' लिहा, शिवलीला हिरेमठ म्हणाल्या.
ते तर नवरा-बायकोलाही म्हणतात, कुणीतरी म्हणालं.
मग काय झालं, त्या म्हणाल्या,
आणि खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.
पाटीपायी फुटलेली डोकी या गावानं पाहिलीत,
म्हणून सगळे जपून बोलत होते.
शेवटी बशीर नालबंद म्हणाले,
ज्याच्या घरातलं माणूस गेलंय
तो पाटी वाचून येतोय होय?
आपणच जातोय की त्याच्याकडं.
लिहिलं: दोन्ही भाषा. खर्च अकराशे.

विषय तिसरा: हिशेब.
नागोजी सांबरेकर, खजिनदार,
चाळीस वर्षं सहकारी बँकेत;
अजूनही पावती उजेडाला धरून बघतात.
व्हाउचर नंबर एकोणचाळीस:
कुंदा, एक किलो. खाली यल्लूबाईची सही,
'ल्लू' नेहमीसारखा ओळीच्या बाहेर.

तांदूळ समजतो मी, सांबरेकर म्हणाले,
बसभाडं समजतं, दवाखाना समजतो.
सुतकाच्या घरी कुंदा?
उद्या ऑडिटर विचारेल, कुठल्या सदरात टाकलात?

यल्लूबाई विश्वस्त नाही.
ती दारोदार जाते. कडोली, नंदगड, पार खानापूरच्या रानापर्यंत.
कुठल्या घरी 'जेवलात का' विचारायचं
आणि कुठं 'ऊटा आतेन्री',
हे तिला उंबऱ्यावरच्या चपला बघून कळतं.
तिला बोलावलं. ती बाकाच्या कडेला टेकली.

बेळगुंदीच्या मालनचा पोरगा, ती म्हणाली,
मार्चात विहिरीत गेला तो.
परवा त्याचा वाढदिवस.
ती म्हणाली, वर्गात वाटायचं कबूल केलं होतं त्याला.
मग आणला मी. दोघी गेलो शाळेत.
बत्तीस पोरं, एकेक चमचा.
मास्तर भिंतीकडं तोंड करून फळा पुसत राहिले,
फळ्यावर काही नव्हतं.
एका पोरानं दोनदा हात पुढं केला.
मालन हसली.
एवढंच.

"नियमात बसत नाही!"
सांबरेकर म्हणाले, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली.
सहाही माग एका दमात थांबले,
आणि ते वाक्य माळ्यावर एवढं मोठं झालं
की ते स्वतःच दचकले.

मग कुणीच काही बोललं नाही.
खालून सुताचा वास येत होता.
घटनेत कुठंही लिहिलेलं नाही,
पण या जिन्यानं उगाच कुणी वर आलेलं नाही.
शिवलीलाबाईंचे यजमान. बशीरभाईंच्या जुळ्यांतली धाकटी.
माझा भाऊ.
सांबरेकरांचं आम्हाला माहीत नाही.
हिशेब बघायला येतो, म्हणतात,
सहा वर्षं झाली.

वीज आली. माग पुन्हा सुरू.
मी लिहिलं: व्हाउचर एकोणचाळीस, चर्चेअंती मंजूर.
सदराची जागा कोरी सोडली.

जिना उतरताना सांबरेकर थांबले,
यल्लूबाईला पुढं जाऊ दिलं नाही.
धोट्यांच्या खडखडाटात तिच्या कानाशी वाकून विचारलं,
कितवा असता?

अकरावा, ती म्हणाली.
आणि साहेब,
मालन 'असता' म्हणत नाही.

त्यांनी मान हलवली.
खिशातलं पेन काढलं, फाईल भिंतीला टेकवली,
आणि व्हाउचरच्या पाठीमागं,
बँकेतल्या त्या नेटक्या, उभ्या अक्षरांत लिहिलं:
अकरावा.