अर्धा वळसा

दिवाडीच्या टेकडीवर, पाश्कोलबाबच्या गच्चीत,
वाळत घातलेल्या खोबऱ्याच्या वाट्यांशेजारी
माझी दुर्बीण. तिच्या शेपटाला वर्णपटमापक,
आणि मोजपट्टी म्हणून वायरमनच्या टेस्टरमधला
निऑनचा एवढासा दिवा.

अल्गोल आज दहा तास झाकला जाणार.
दर अडुसष्ट तास एकोणपन्नास मिनिटांनी, इतका नेमाचा
की पाश्कोलबाब म्हणतो, आमच्या फेरीबोटीपेक्षा बरा.
ठिपका एकच. कितीही भिंगं लावा, एकच.
आत दोघं राहतात
हे उजेड घटला की समजतं.

मी त्याला पडद्यावरची रेघ दाखवते.
ही मॅग्नेशियमची. पसरट आहे, कडा पुसल्यासारख्या,
कारण तारा गरगर फिरतो,
एक बाजू आपल्याकडे येते, एक लांब जाते,
दोन्हींचा उजेड भातात आमटी कालवावी तसा;
एरवी निवडता येत नाही.
पण मंद जोडीदार समोरून सरकतो,
आधी येणारी कड झाकतो.
उरते ती जाणारी, आणि रेघ तांबड्याकडे कलते,
केसभर.
मग तो पुढे होतो, जाणारी झाकतो,
मग निळ्याकडे.

पाश्कोलबाब बिडी विझवतो, माझ्या आरशासाठी.
बत्तीस वर्षं त्याने मांडवी ओलांडली,
तीच, या धक्क्यावरून त्या धक्क्यावर.
म्हणतो, धुक्यात बोट कुठे दिसते? दिवे दिसतात.
तिच्या डाव्या अंगाला तांबडा, उजव्या अंगाला हिरवा.
एकच दिसला तर ती आडवी चाललीय, जाऊ दे.
'दोनूय दिसले जाल्यार, बाय, देवाचें नांव घे.'

मग बराच वेळ काही नाही.
कॅमेरा पाच-पाच मिनिटं उजेड साठवत राहतो.
'आर्मिंदा तीन आठवडे बांबोळीला होती,' तो मध्येच बोलतो,
'तेव्हा कळलं, घर कुठून कुठे फिरतं.
आधी चूल थांबली. मग कोंबड्या.
मग नाताळचा तारा टांगायचा राहिला.
मग मी.'
आतून आर्मिंदा खोकते,
विचारते, कॉफी पिणार आहात की ओतून देऊ.

दीडला, ऐन मध्यावर, खारफुटीतून धुकं वर चढलं.
चित्रं मोजली. एकोणपन्नास; चौदा दवाने खाल्ली.
तांबड्याकडचा कल नीट सापडला,
निळ्याकडचा नाहीच.
वहीत मी अर्धाच वळसा काढला.
उरलेला टिंबाटिंबांनी पुरा करायचा मोह झाला,
पेन्सिल टोपणात घातली.
रविवारी रात्री पुन्हा,
या खेपेपेक्षा तीन तास आधी.

खाली नदीत एक हिरवा दिवा सरकला.
बार्ज दिसत नव्हती, तिचा धडधडाट तेवढा.
पाश्कोलबाब कप हातात घेऊन कठड्याशी उभा,
तांबडा दिसतो का बघत.