सोड्याचा थेंब

गाडी चौदा वर्षांची, डिझेल.
टर्बो वास्कोच्या भंगारातून आणला, पोत्यात गुंडाळून,
मांडीवर घेऊन, बसच्या मागच्या सीटवर.
आता हवा दाबली जाते, आणि दाबलेली हवा तापते.
काटा एकशे वीसवर.
इंजिनात शिरण्याआधी ती निववायला हवी,
आणि तयार इंटरकूलर घ्यायला पैसे नाहीत.
तेव्हा आधी धातू ठरवा.

मी म्हणाले, तांबं.
घरात होतंच. आतेभावाच्या काजूभट्टीचं भाण,
तीन हंगाम बंद, बुडाला काळं,
निऱ्याचा आंबूस वास अजून शिवणीत.
त्यातून निघालेली वाफ नळीत शिरायची
आणि थंड मडक्यात थेंब होऊन पडायची,
हे मी परकर-पोलक्याच्या वयात पाहिलंय.
निववणं तांब्याला पाठ आहे, असं माझं म्हणणं.

इनासनं भाण उचललं. लगेच खाली ठेवलं.
काट्यावर सव्वीस किलो.
'ह्यातलं अर्धं जरी बंपरमागं टांगलंस, बाये,
तर अनमोडच्या तिसऱ्या वळणावर ब्रॅकेट हातात येईल.'
गोदीत अठरा वर्षं वेल्डर.
बोलायचं असलं की काच कपाळावर सरकवतो,
दुकानाचं शटर अर्धं उघडावं तशी.

मग जे मला ऐकायचं नव्हतं ते:
भिंत तांब्याची असो, अॅल्युमिनियमची असो,
अडवते ती भिंत नाही. अडवते हवाच.
पत्र्याला चिकटून बसलेला तिचा एक पातळ, आळशी थर
ऊब सोडायला तयार नसतो.
'पंख वाढव. पत्रा कसला ते मागाहून.'
वहीत मी तांब्याचा आकडा जवळजवळ दुप्पट लिहिला होता,
दोनदा अधोरेखित.
खोडला नाही. पान उलटलं.

म्हापशाच्या भंगारात सगळं अॅल्युमिनियम एकाच तोंडवळ्याचं:
खिडकीची चौकट, बोटीची शिडी, कुकरचं झाकण,
आणि 'विमानाचा' म्हणून दीडपट भावानं विकला जाणारा पत्रा.
मी तोच धरला. देखणा. वाकवला तर वाकेना.
इनासनं कानशीनं बोटभर जागा उजळली,
बाटलीतून कॉस्टिक सोड्याचा एक थेंब सोडला.
आम्ही थांबलो. भंगारवाल्या हुसेनभाईंनी
दुसऱ्या गिऱ्हाइकाचं माप तेवढ्यात केलं.
थेंबाखाली काळं पडलं.
'ह्याच्यात तांबं आहे.
त्यानंच कणखर झालाय. आणि म्हणूनच जोड घेणार नाही,
शिवण थंड होता होता चिरेल.'

म्हणजे जे मला हवं होतं ते त्यात होतंच,
फक्त नको त्या जागी.

शिडीवरचा थेंब पांढुरका राहिला.
शिडी घेतली, सात पायऱ्यांची, किलोवर.
आणि उसगावच्या, खाण बंद पडल्यापासून उभ्या ट्रकचा कोअर,
पंखांत अजून लाल धूळ. ती तीन पाण्यांनी गेली नाही.

'निदान नळी तांब्याची?' मी रस्त्यात विचारलं.
'खारी हवा आहे इथं. दोघं एकमेकांना टेकले
की अॅल्युमिनियम विरत जातं,
तांबं होतं तसंच.'
पुढं गिरी येईपर्यंत कुणी बोललं नाही.
इनासची बायको तीन वर्षं कुवेतला आहे,
हे मला तेव्हा आठवायचं काही कारण नव्हतं.

चार संध्याकाळी वेल्डिंग.
पहिली टाकी वाया: मी पुसायला विसरले,
आणि न पुसलेलं अॅल्युमिनियम
स्वतःच्याच सालीखाली वितळतं, बाहेर येत नाही.
दुसरी धरली.

आता गळती पाहायची तर बुडवायला भांडं हवं.
भाणाचं तोंड मीच कापलं, ग्राइंडरनं, रुंद.
विहिरीचं पाणी भरलं.
एकेक कोपरा खाली धरत, सायकलच्या पंपानं हवा मारत
दोघं वाकून बघत बसलो,
तांब्याचा लालसर उजेड पाण्यात हलत होता.

तीन कोपरे गप्प.
चौथ्यातून एक बुडबुडा सुटला,
मोहरीएवढा. थांबला. मग दुसरा.

इनासनं काच खाली ओढली.