हूद

गॅलिस गावाखालून तराफा सुटला तेव्हा
टॅन्सीनं, आमच्या गाइड पोरीनं, नदीचं नाव सांगितलं : रोग.
असलं नाव आपल्यात कुणी ठेवलं नसतं,
मी म्हणालो.
पुढ्यात बसलेल्या भालूची पाठ हलली नाही.

चार वर्षांचा अबोला. कारण : नेरूरपारचे साडेसात गुंठे,
तेही निम्मं खाजण.
शर्वाणीनं, त्याच्या लेकीनं,
दोघांना वेगवेगळं फसवून ऑरेगनात आणलं
आणि एकाच तराफ्यात बसवलं,
लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः आवळून.

'फॉरवर्ड' म्हटलं की वल्ही पडत, 'स्टॉप' म्हटलं की उचलत.
परक्या पोरीच्या हुकमाखाली
दोघे सख्खे भाऊ किती शहाणे!

पहिल्या खळाळात नाकातोंडात पाणी गेलं.
मग नदी एकदम सपाट झाली,
दोन्ही काठांना काळे कातळ,
वल्ह्यांच्या पात्यांवरून ठिबकणारं पाणीसुद्धा
ऐकू यावं इतकी.

कडम्.
कुणीतरी काहीतरी चावत होतं.
कडम्, कुरुम्.

कातळावर चौघं. तेल लावल्यासारख्या पाठी,
मिशा, आणि एकाच्या दोन्ही हातांत
बोटभर शेवंड, शेपटीकडून धरलेलं.
त्यानं आमच्याकडे पाहिलं. चावणं थांबवलं नाही.

टॅन्सी इंग्रजीत काही कुजबुजली.
आणि भालू, पाठमोरा, घोगरा, म्हणाला :
'हूद.'

पंचेचाळीस वर्षांत हा शब्द मी ऐकला नव्हता.
पुस्तकात पाणमांजर छापतात.
मांजर कसली! मांजरानं कधी बाबांची झोप उडवली?
हूद म्हणजे पहाटेचा कंदील,
कर्लीच्या पाण्यात कमरेपर्यंत उभे बाबा,
जाळ्याचं भोक दोन्ही हातांनी ताणून
त्यातून आम्हा दोघांकडे बघणारे,
आणि त्यांच्या तोंडची ती शिवी, जी आम्ही
शाळेत नेऊन खर्चली.

धाकटं पिल्लू पाण्यात घसरलं. आवाज नाही.
फक्त बुडबुड्यांची एक ओळ
तराफ्याच्या पोटाखालून पलीकडे गेली.
सगळे त्या बाजूला वाकले. मीही. भालूही.

'सात ठिकाणी फाटलं होतं जाळं,'
मी पाण्याकडे बघत म्हणालो.

बराच वेळ काही नाही.
काय फाटलं, कुणाचं फाटलं, शर्वाणी विचारत राहिली.

'नऊ,' भालू म्हणाला.
'मोजत मी होतो. तू कंदील धरलेलास.'

'फॉरवर्ड टू!' टॅन्सी ओरडली.