आधी उलटा

ओथा बीसलीने बेस गिटार टेबलावर उताणी ठेवली.
म्हणाला, "गुरगुरतेय. पोटात काहीतरी सुटलंय."
पोटात काही नव्हतं.
पिकअपच्या चार स्क्रूंपैकी दोन
नुसत्या बोटाने वर आले,
सुजल्या हिरडीतल्या दातांसारखे, विनातक्रार.

जानेवारीत डेटनमधलं लाकूड सुकतं.
हीटर रात्रंदिवस, दारं चौकटीत खुळखुळतात.
पण हे काम थंडीचं नव्हे, अंगठ्याचं.
एकतीस वर्षं, दर रविवारी,
बाकीची बोटं तारांवर चालत असताना
त्याने अंगठा याच काठावर टेकवला.
सगळ्या गाण्याचा भार प्लास्टिकच्या या कडेवर,
तिथून खाली, दोन कोवळ्या भोकांवर.
कडेला खळगा पडलाय.
माझा अंगठा त्यात बसत नाही.

"लांब स्क्रू घाल की," तो म्हणतो.
सगळेच म्हणतात.
लांब स्क्रूची भूक लांब असते, ओथा.
भोकात आटेच उरले नाहीत,
पेच धरणार कशाला?

चिमट्याने कोरतो.
आधी सरस निघतो, चिक्कीसारखा कडक.
मग एक पिवळी काडी. मग अजून अर्धी.
"झाडूची आहे," ओथा हसतो,
आणि मग हसत नाही.
"व्हर्नीसची असणार.
प्रार्थना सुरू व्हायला दहा मिनिटं, मी ओरडतोय,
ती मागच्या खोलीत गेली, मुठीत काहीतरी घेऊन आली,
मला म्हणाली, तू तिकडे बघ."
कधीची गोष्ट?
तो बोटांवर मोजू लागतो,
करंगळीपाशी सोडून देतो.

मी तेवीस वर्षं साचे घासले,
केसाच्या जाडीशी भांडलो.
फाटकाला कुलूप लागलं त्या दिवशी
ड्रिलच्या पात्यांचा एक डबा काखेत मारून बाहेर पडलो.
कारखान्यात असली दुरुस्ती दिसती
तर मी लाल खडूने फुली मारली असती.
झाडूची काडी!
आणि ती टिकली.

भोक जरा मोठं करायचं, गोल, सरळ.
मेपलची काठी सरसात बुडवून
हातोडीचे दोन ठोके.
तिसरा मारायचा मोह होतो, मारायचा नाही.
वर आलेला सरस ओल्या फडक्याने टिपायचा.
मग काही करायचं नाही.
हे मात्र कुणाला शिकवता येत नाही.

"परवा रविवार आहे," ओथा म्हणाला.
"उद्या दुपारी ये."
"इथेच थांबलो तर?"
"थांब. कॉफी आहे. वाईट आहे."
तो खिडकीशी बसला, बर्फ बघत,
अंगठा टेबलाच्या कडेवर टेकवला
आणि बाकीची बोटं चालू लागली,
कुठे, ते मी विचारलं नाही.

शनिवारी बारीक पात्याने वाट पाडली,
स्क्रू साबणाच्या वडीवर घासले.
खालच्या जुन्या फोमचं पीठ झालं होतं,
फुंकून टाकलं, नवा तुकडा कापला.
उरलेली दोन भोकं धड होती.
तिथे स्क्रू आधी उलटा फिरवतो मी,
हळू, बोटांत ऐकत,
आणि एका जागी तो केसभर खाली उतरतो:
टिक्.
तिथून सुलटा.
घाईत नवे आटे पाडायला गेलं
की जुनेही जातात.

"ती काडी?" ओथाने विचारलं.
बशीत होती, दीड तुकडा.
"परत घाल."
"ती काही धरणार नाही, ओथा."
"माहीत आहे."
फोमच्या खाली ठेवली, आडवी,
कशालाही न लागेल अशी.

वीस डॉलर घेतले.
म्हटलं, आता तरी अंगठा दुसरीकडे टेकव,
हवं तर लाकडाचा ठोकळा लावून देतो.
हो हो, तो म्हणाला,
ॲम्प्लिफायरची वायर खोचली,
खालची तार एकदा छेडली,
खिडकीची काच थरथरली.
अंगठा तोवर
खळग्यात जाऊन बसला होता.